घूं कोणाचा, सूं कोणाचा: व्हॉल्व्हचा आणि आयसीचा फोनो प्रीअँप एकाच टेबलावर

व्हॉल्व्ह (काचेची व्हॅक्यूम ट्यूब) म्हटला की घूं येणार आणि आयसी (चिप) म्हटली की शांतता, हे आपल्याकडे गृहीतच धरलेलं असतं. मोजायच्या भानगडीत कोणी पडत नाही. दोन फोनो प्रीअँप, म्हणजे रेकॉर्डच्या सुईकडून येणारा बारीक सिग्नल मोठा करणारी यंत्रं, शेजारी शेजारी ठेवून मोजायला घेतले तेव्हा पहिल्याच तासात दिसलं की ‘नॉइज’ या एका शब्दाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी चालतात: हम, म्हणजे घूं, हिस, म्हणजे सूं, अधूनमधूनची कडकड, आणि व्हॉल्व्हला टिचकी मारल्यावर येणारा टणत्कार. चौघांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. व्हॉल्व्हच्या खात्यावर जे मांडलं जातं त्यातलं बरंचसं पॉवर सप्लायचं आणि वायरिंगचं असतं.

आधी टेबलावर काय होतं ते सांगतो. व्हॉल्व्हच्या प्रीअँपमध्ये दर चॅनलला एक ईसीसी८३, अमेरिकन नाव १२एएक्स७. त्याच्या आतले दोन्ही ट्रायोड (कॅथोड, ग्रिड आणि प्लेट असलेले सिग्नल वाढवणारे भाग) एकामागे एक, मधे पॅसिव्ह आरआयएए (रेकॉर्ड कापताना दाबलेला खर्ज वर उचलणारं आणि वाढवलेला वरचा भाग खाली आणणारं सर्किट), आणि शेवटी दोन्ही चॅनलना मिळून एक ईसीसी८२ कॅथोड फॉलोअर म्हणून, म्हणजे गेन न वाढवता सिग्नल बाहेर पोचवणारी पायरी. प्लेटला १०० किलोओहम, कॅथोडला दीड किलोओहम आणि त्यावर २२० मायक्रोफॅरड, पुरवठा २५० व्होल्ट. आयसीच्या प्रीअँपमध्ये दर चॅनलला एक एनई५५३२ ऑपअँप, ७८१५ आणि ७९१५ या व्होल्टेज रेग्युलेटरवर चालणारी, फीडबॅकच्या खालच्या टोकाला २२० ओहम. दोन्हींच्या इनपुटला नेहमीचे ४७ किलोओहम.

व्हॉल्व्हवाल्याचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, १ किलोहर्ट्झला २०० पट निघाला, आयसीवाल्याचा १०० पट. इथेच बहुतेकांची तुलना फसते. एक काढून दुसरा लावायचा, आवाजाची मूठ तिथेच ठेवायची आणि ‘बघ, व्हॉल्व्ह किती सूं करतोय’ म्हणायचं. गेन दुप्पट असेल तर ६ डेसिबल नॉइज फुकटात वाढलेली असते, तिचा व्हॉल्व्हशी काही संबंध नाही. म्हणून मोजमाप इनपुटच्या हिशेबात करायचं: काट्रिजमधून (सुई धरणाऱ्या, सिग्नल देणाऱ्या डबीतून) ५ मिलिव्होल्ट येतात तेव्हा आउटपुटला जेवढे येतात ते शून्य डेसिबल, बाकी सगळं त्याच्या खाली.

हे ५ मिलिव्होल्ट मिळवायला महागडं जनरेटर लागत नाही. मोबाइलवर टोन जनरेटरचं अॅप, हेडफोनच्या जॅकमधून वायर, आणि १० किलोओहम व १०० ओहमचा डिव्हायडर. तो १०१ पट उतरवतो, म्हणजे मोबाइलमधून ५०५ मिलिव्होल्ट काढले की प्रीअँपला ५ मिळतात. एक खोच आहे. स्वस्त मल्टिमीटर एसी व्होल्ट ५० हर्ट्झच्या आसपासच नीट दाखवतो, १ किलोहर्ट्झला काहीही दाखवू शकतो. म्हणून टोन ५० हर्ट्झवर ठेवून ५०५ लावून घ्यायचे, मग आवाज न हलवता टोन १ किलोहर्ट्झवर न्यायचा.

पुढे २४ बिटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि फुकट मिळणारं आरईडब्ल्यू सॉफ्टवेअर. एफएफटी (सिग्नलची फ्रीक्वेन्सीनुसार फोड) ६५,५३६ बिंदूंची, सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ, ३२ वेळांची सरासरी. इतक्या बारकाईने पाहिलं की पाऊण हर्ट्झाला एक रेघ पडते आणि ५० हर्ट्झची सुई आजूबाजूच्या नॉइजच्या गवतातून वेगळी दिसते. इंटरफेसचा गेन एकदा लावला की हात लावायचा नाही. त्याचं स्वतःचं इनपुट शॉर्ट करून त्याची नॉइज आधी बघून ठेवायची. ती मोजायच्या गोष्टीपेक्षा निदान १० डेसिबल खाली हवी. लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा. चार्जर लावलात तर त्याच्या अर्थिंगमधून येणारी घरघर प्रीअँपच्या नावावर जमा होते. मी स्वतः अर्धा तास या घरघरीमागे धावलो, म्हणून ठळक सांगतो.

तीन प्लग तयार करून घेतले. पहिला आरसीए प्लग आतून तारेने शॉर्ट केलेला, दुसऱ्यात १ किलोओहम मेटल फिल्म, आणि तिसरं खरं काट्रिज. शॉर्ट प्लगवर दिसतं ते सर्किटचं स्वतःचं. १ किलोओहमवर ग्रिडला जाणारा करंट आणि आजूबाजूचं थोडं उचललेलं दिसतं. काट्रिजवर सगळंच दिसतं. या क्रमानेच मोजायचं. थेट काट्रिज लावून हम शोधत बसलं की टर्नटेबलच्या मोटरचा दोष प्रीअँपमध्ये शोधला जातो.

कागदावर किती यायला हवं हे आधी काढून ठेवलं. रेझिस्टर नुसता पडून असला तरी त्याच्या दोन टोकांत नॉइज असते. बेल लॅबमध्ये जॉन्सनने ती मोजली आणि नायक्विस्टने तिचं सूत्र दिलं, दोन्ही १९२८ मध्ये छापून आलं. १ किलोओहमला खोलीच्या तापमानाला ही नॉइज ४ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ. ट्रायोडची नॉइजसुद्धा अशाच एका काल्पनिक रेझिस्टरच्या रूपात मांडतात. अंदाजाचं सूत्र, अडीच भागिले जीएम (ग्रिडवरच्या एका व्होल्टाने प्लेटचा करंट किती बदलतो ते). ईसीसी८३ ०.८६ मिलिअँपियरवर चालतो तेव्हा जीएम सव्वा ते दीड मिलिअँपियर प्रति व्होल्टच्या घरात. म्हणजे १.६ ते २ किलोओहम, म्हणजे ५ ते साडेपाच-पावणेसहा नॅनोव्होल्ट. एनई५५३२ च्या डेटाशीटवर किती लिहिलंय? ५ नॅनोव्होल्ट. सूं-सूंच्या बाबतीत दोघे कागदावर जवळजवळ बरोबरीत आहेत, हे बघून बरेच जण चमकतात.

फरक पडतो तो खाली, २०० हर्ट्झच्या आत. आरआयएए ५० हर्ट्झला १७ डेसिबल वर उचलतो, १०० हर्ट्झला १३, आणि २० किलोहर्ट्झला जवळपास २० डेसिबल खाली दाबतो. सरळ सपाट नॉइज या वळणातून गेली की तिची अर्ध्याहून जास्त ताकद २० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात गोळा होते. आणि व्हॉल्व्हचा स्वतःचा अवगुण नेमका याच पट्ट्यात राहतो: फ्लिकर नॉइज, कॅथोडच्या पृष्ठभागावरची, फ्रीक्वेन्सी कमी होईल तशी वाढत जाणारी. जॉन्सननेच १९२५ मध्ये ती व्हॉल्व्हमध्ये पाहून लिहून ठेवली होती. आयसीतही ती असते, पण कमी. एनई५५३२ ३० हर्ट्झला ५ वरून ८ नॅनोव्होल्टवर जाते, बस.

शॉर्ट प्लगवर पहिलं वाचन असं आलं. आयसीवाला २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ मिळून −७८.५ डेसिबल, कागदावर −८० निघत होते, म्हणजे चोख. व्हॉल्व्हवाला −५२. पण पडद्यावर नीट बघितलं तर दोन सुया सगळं खाऊन बसल्या होत्या: ५० हर्ट्झला −५३ आणि १०० हर्ट्झला −६१. त्या झाकल्या तर मागचं गवत आयसीच्या फार वर नव्हतं.

हमच्या बाबतीत पहिला प्रश्न एकच: ५० की १००? ५० हर्ट्झ म्हणजे हीटर, ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा ग्राउंड लूप (ग्राउंड दोन वाटांनी जोडल्याने झालेलं वेटोळं). १०० हर्ट्झ म्हणजे रेक्टिफायरनंतरचं रिपल, डीसीवर उरलेली लहर. आणि ५०, १००, १५०, २०० अशी कंगव्यासारखी रांग कित्येक किलोहर्ट्झपर्यंत गेली असेल तर कुठेतरी चार्जिंगचा झटका ग्राउंडच्या तारेत शिरलाय, किंवा खोलीत पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर चालू आहे. तो रेग्युलेटर आधी बंद करा. इन्व्हर्टरवर घर चालू असेल तर मोजमाप करूच नका. साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर व्हॉल्व्हचाच काय, आयसीचा प्रीअँपही भुणभुणतो.

५० हर्ट्झपासून सुरुवात केली. हीटर ६.३ व्होल्ट एसीवर होते: पिन ४ आणि ५ जोडलेल्या, दुसरं टोक पिन ९. वायरी पिळलेल्या होत्या, पण हीटरचं एक टोक सरळ चॅसीला टेकवलेलं. जुन्या रेडिओत असंच असायचं, तिथे चालतं. फोनोच्या पहिल्या ग्रिडला चालत नाही. टोक सुटं केलं, हीटरच्या दोन्ही बाजूंनी १००-१०० ओहम घेऊन मध्यबिंदू काढला आणि तो चॅसीला न लावता ५० व्होल्ट डीसीवर उचलून ठेवला. २५० व्होल्टमधून २२० किलोओहम आणि ५६ किलोओहमचा डिव्हायडर, खालच्या रेझिस्टरवर १० मायक्रोफॅरड: ५०.७ व्होल्ट. हीटरची तारही थोडे इलेक्ट्रॉन सोडते, आणि कॅथोड तिच्यापेक्षा वरच्या व्होल्टला असेल तर ते कॅथोडकडे ओढले जातात, दर सेकंदाला ५० वेळा. हीटरच वर उचलला की ती वाट बंद. ईसीसी८३ ला हीटर आणि कॅथोडमध्ये १८० व्होल्टपर्यंत चालतात, त्यामुळे ५० ला धोका नाही. एवढ्यावर सुई ६ डेसिबल उतरली.

उरलेलं डीसीवर गेल्याशिवाय जात नाही. पिन ४ आणि ५ मध्ये १२.६ व्होल्ट द्यायचे, तिन्ही व्हॉल्व्ह समांतर, दर व्हॉल्व्हला १५० मिलिअँपियर, एकूण ४५०. एलएम३१७ रेग्युलेटरला २२० ओहम आणि २ किलोओहम लावले की १२.७ व्होल्ट मिळतात, तेवढे ठीक. बहुतेक जण इथे १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतात आणि फसतात. १२ व्होल्ट एसीचा शिखरबिंदू १७, त्यातून रेक्टिफायरच्या पुलातल्या दोन डायोडचे १.४ वजा, ४,७०० मायक्रोफॅरडवर जवळपास १ व्होल्ट रिपल. खाली उरतात साडेचौदा, आणि एलएम३१७ ला स्वतःला २ व्होल्ट हवेत. २३० पूर्ण असताना कसंबसं जमतं. संध्याकाळी लाइन १९० वर आली की रेग्युलेटर हात वर करतो, रिपल सरळ हीटरमध्ये जातं, आणि ‘दुपारी शांत असतो, रात्री घूं करतो’ अशी तक्रार येते. १५ व्होल्टचा घ्या. १९० वरही हिशेब जमतो. उष्णता मात्र ३ वॉट होते, हीटसिंक हवाच, आणि अभ्रकाचा तुकडा विसरू नका: एलएम३१७ ची पत्र्याची पाठ म्हणजे त्याचं आउटपुट. डीसी केल्यावरही खालचं टोक ५० व्होल्टच्या बिंदूलाच ठेवलंय, त्यामुळे ती पाठ चॅसीपेक्षा ६३ व्होल्ट वर असते. ती चॅसीला टेकली की उचललेलं सगळं जमिनीवर.

डीसी हीटरनंतर ५० हर्ट्झ −७१ वर आली. उरलेली सुई तारा हलवून जाईना, व्हॉल्व्ह बदलून जाईना. मग ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू सोडून तो हातात धरून फिरवला (रबरी हातमोजे, वायरीला हात न लावता) आणि पडद्यावरची सुई खालीवर नाचायला लागली. हे चुंबकीय आहे. अॅल्युमिनियमच्या पेटीत बंद केल्याने ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडत नाही, कितीही जाड पत्रा घ्या. अंतर आणि कोन, हेच उपाय. ट्रान्सफॉर्मर वेगळ्या पेटीत घालून मीटरभर लांब ठेवला, सुई −८४. आणखी खाली न्यायचा हट्ट केला नाही.

आता १०० हर्ट्झ. व्हॉल्व्हवाल्याचा हाय टेन्शन सप्लाय एकूण १० मिलिअँपियर ओढतो. पुलानंतर ४७ मायक्रोफॅरड असेल तर रिपल शिखर ते शिखर दोन व्होल्टांच्या थोडं वर. पुढे २.२ किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरड, ते ६५ पट उतरवतात. मग पहिल्या स्टेजसाठी १० किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरड, ते २९५ पट. उरतं ०.११ मिलिव्होल्ट. वाटतं संपलं. पण ट्रायोडला सप्लायचं रिपल झटकून टाकायची कला नसते. प्लेट रेझिस्टर आणि व्हॉल्व्हचा आतला रेझिस्टन्स यांच्या वाटणीत ४० टक्के रिपल प्लेटवर तसंच दिसतं. आरएमएस धरून इनपुटच्या हिशेबात ते −८५ डेसिबल, वर आरआयएएचे १३, म्हणजे −७२. पडद्यावर −६१ का? कारण शेवटचं कपॅसिटर म्हातारं झालेलं. मीटरवर ४७ च्या जागी १४ मायक्रोफॅरड. गणित अगदी जुळलं.

कपॅसिटर बदलून −७२ मिळाले, आणि आणखी एक १० किलोओहम व ४७ मायक्रोफॅरडची पायरी वाढवल्यावर १०० हर्ट्झची सुई गवतात गेली. त्या पायरीत १७ व्होल्ट खर्च होतात, ते मागून वाढवून घ्यावे लागतात. कपॅसिटर ४५० व्होल्टचेच. लाइन २५० झाली की शिखर ३५० च्या वर जातं. आयसीवाल्याला यातलं काहीच करावं लागलं नाही. ७८१५ नंतर उरलेलं रिपल ऑपअँप स्वतःच शंभर डेसिबलच्या आसपास दाबतो. सॉलिड स्टेट शांत असतो म्हणतात त्यातलं खरं श्रेय या एका गुणाला आणि हीटर नसण्याला आहे.

इथे थोडं थांबून: २५० व्होल्ट डीसीचा शॉक जिवावर बेतू शकतो. पहिल्या कपॅसिटरवर २२० किलोओहम, २ वॉटचा ब्लीडर कायम सोल्डर करून ठेवा, बंद केल्यावर दोन मिनिटं थांबा आणि तरीही मीटर लावून बघितल्याशिवाय बोट घालू नका. आणि हम जावा म्हणून थ्री पिनची अर्थिंगची वायर तोडणं हा उपाय नव्हे. सिग्नल ग्राउंड आणि चॅसी यांच्यात १० ओहम, त्याला समांतर उलटसुलट दोन जाड डायोड. लूप तुटतो आणि चॅसी अर्थिंगलाच राहते.

ग्राउंडिंगमध्ये एकच चूक सापडली, पण नेहमीचीच. रेक्टिफायरच्या पुलाचं मायनस एका वायरने स्टार बिंदूला (सगळी ग्राउंड एकत्र येतात तिथे) आणि पहिल्या कपॅसिटरचं मायनस दुसऱ्या वायरने त्याच बिंदूला नेलेलं. चार्जिंगचे झटके मग स्टार बिंदूतून वाहतात आणि कंगवा उगवतो. पूल ते कपॅसिटर आधी एकमेकांना जोडायचे, आणि स्टारला जाणारी वायर कपॅसिटरच्या पायातून काढायची. दोन इंच वायर हलवली, २०० हर्ट्झच्या वरचे सगळे दात पडले.

आता हम गेला आणि खरी नॉइज दिसायला लागली. डावा चॅनल −७१, उजवा −६४. व्हॉल्व्ह अदलाबदल केले, फरक चॅनलसोबतच राहिला. म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष. उजव्या चॅनलच्या पहिल्या प्लेटला १०० किलोओहमचा जुना कार्बन कंपोझिशन रेझिस्टर निघाला, तपकिरी जाडजूड, दिसायला देखणा. ‘व्हिंटेज आवाजासाठी’ असे रेझिस्टर मुद्दाम शोधून लावणारे आहेत. कार्बनच्या कणांमधून करंट वाहतो तेव्हा जॉन्सनच्या नॉइजवर आणखी एक नॉइज चढते, ती लावलेल्या व्होल्टच्या प्रमाणात वाढते आणि कमी फ्रीक्वेन्सीला जास्त असते. प्लेट रेझिस्टरवर ०.८६ मिलिअँपियर गुणिले १०० किलोओहम, म्हणजे ८६ व्होल्ट. दर व्होल्टला दर दशकाला (फ्रीक्वेन्सीच्या दर दहापट पट्ट्याला) २ मायक्रोव्होल्ट धरले तर १७२ मायक्रोव्होल्ट. त्यातलं ४० टक्के प्लेटवर, भागिले गेन साडेचोपन्न, इनपुटच्या हिशेबात जवळपास १.३ मायक्रोव्होल्ट, दर दशकाला. आणि व्हॉल्व्हची स्वतःची सूं पूर्ण २० किलोहर्ट्झमध्ये पाऊण मायक्रोव्होल्टच्या आसपास! एक रेझिस्टर आख्ख्या व्हॉल्व्हला भारी पडतो. मेटल फिल्ममध्ये हीच गोष्ट दर व्होल्टला ०.०५ मायक्रोव्होल्टच्या घरात, म्हणजे नगण्य. दोन्ही चॅनलचे प्लेट आणि कॅथोड रेझिस्टर एक वॉटचे मेटल फिल्म केले. पुण्यात बुधवारातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला निळ्या अंगाचे मागा; खाकी अंगाचे कार्बन फिल्म असतात, ते कॅथोडला चालतील, प्लेटला नको.

तिथेच ग्रिडला १० किलोओहमचा स्टॉपर, म्हणजे ग्रिडच्या वाटेतला रेझिस्टर, होता. गिटार अँपच्या सर्किटवरून उचललेला. १० किलोओहमची नॉइज जवळपास १३ नॅनोव्होल्ट, व्हॉल्व्हच्या दुपटीहून जास्त, आणि ती काट्रिजसोबत सरळ मालिकेत बसते. २२० ओहम केला. मग कान देऊन ऐकलं तर मागे आकाशवाणी बारीक आवाजात बोलत होती, कारण ग्रिडवर मध्यम लहरी सरळ डिटेक्ट होत होत्या. स्टॉपरच्या पायात फेराइटचा मणी ओवला आणि सॉकेटच्या पिनला अगदी चिकटवून सोल्डर केला. बातम्या बंद.

व्हॉल्व्हची निवड हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि टाळता न येणारा. ईसीसी८३ चे दहा नग घेतले, काही नवे, काही जुन्या रेडिओ मेकॅनिककडचे. प्रत्येकाला वीस मिनिटं तापू द्यायचं. त्याआधीचं वाचन लिहायचंच नाही. सगळ्या दहांमध्ये १ किलोहर्ट्झच्या वरची सूं एकमेकांपासून दीड डेसिबलच्या आत होती, पण १०० हर्ट्झच्या खाली फरक १० डेसिबलपर्यंत. फ्लिकरचं असंच असतं: जीएम टेस्टरवर दोन नग जुळे भाऊ दिसतील आणि नॉइजमध्ये एक शहाणा, एक खोडकर निघेल. ‘लो नॉइज’ छापलेला डबा बघून नव्हे, मोजून निवडायचे. कोरे नग पहिले दिवसभर चालू ठेवून मगच मोजले तर बरं, सुरुवातीला ते अस्थिर असतात. दोन नग फटफट करत होते. एकाच्या पिना ब्लेडने घासून सॉकेट घट्ट केल्यावर गप्प बसला, दुसरा फेकला.

मग पेन्सिलची रबराची बाजू घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर टिचकी. सगळेच टणटण करतात, आतली ग्रिड तारेची जाळीच आहे. ठणका पटकन विरला तर चालेल. घंटेसारखा घुमत राहिला तर तो पहिल्या स्टेजला नको, दुसऱ्या स्टेजसाठी किंवा दुसऱ्या यंत्रासाठी बाजूला. आमच्या सर्किटमध्ये दोन्ही ट्रायोड एकाच काचेत, त्यामुळे तशी सवलत नव्हती. सॉकेटची पट्टी चार रबरी बुशांवर टांगली आणि व्हॉल्व्हच्या गळ्यात सिलिकॉनची रिंग घातली. स्पीकरसमोर प्रीअँप ठेवून आवाज वाढवला की याचा उपयोग कळतो. आयसीला हा त्रास अजिबात नाही, तिथे टिचकी मारून बघणं हास्यास्पद ठरतं.

शेवटची वाचनं. शॉर्ट प्लगवर व्हॉल्व्ह −७४, आयसी −७८.५. हा साडेचार डेसिबलचा फरक जवळजवळ सगळा २०० हर्ट्झच्या खालचा. १ किलोहर्ट्झच्या वर दोघांच्या रेषा एकमेकींवर बसल्या. १ किलोओहमच्या प्लगवर व्हॉल्व्ह −७३, आयसी −७७.

काट्रिज लावल्यावर मात्र चित्र उलटलं. खालच्या बाजूला मोटरचा आणि टोनआर्मच्या वायरीचा हम दोघांनाही सारखाच आला, −६५ च्या आसपास, त्यामुळे एकूण आकडा निरर्थक. १ किलोहर्ट्झच्या वर बघितलं तर व्हॉल्व्ह आयसीपेक्षा दीड-दोन डेसिबल शांत! कारण मूव्हिंग मॅग्नेट काट्रिज (ज्यात सुईसोबत चुंबक हलतो) म्हणजे नुसता रेझिस्टर नव्हे, अर्धा हेन्रीची कॉइल आहे. १० किलोहर्ट्झला तिचा इम्पीडन्स ३१ किलोओहम होतो, ४७ किलोओहमच्या समांतर धरून २६. एनई५५३२ च्या इनपुटमधून ०.७ पिकोअँपियर प्रति रूट हर्ट्झ नॉइज करंट वाहतो. गुणाकार करा: १८ नॅनोव्होल्ट. डेटाशीटवरचे ५ नॅनोव्होल्ट इथे बिचारे कोपऱ्यात उभे. व्हॉल्व्हच्या ग्रिडमधून करंट जवळजवळ वाहतच नाही, त्याला फक्त त्या ४७ किलोओहम रेझिस्टरची नॉइज भोवते, साडेपंधरा, जी दोघांनाही समान आहे. म्हणून ‘कमी नॅनोव्होल्टची’ महाग आयसी घालून सूं कमी होईल असं धरू नका. एलएम४५६२ चे व्होल्ट २.७, पण करंट १.६ पिकोअँपियर, मूव्हिंग मॅग्नेटला ती एनई५५३२ पेक्षा जास्त सूं करते. व्होल्ट आणि करंट दोन्हींचा मेळ हवा असेल तर एनई५५३४ए: साडेतीन नॅनोव्होल्ट, ०.४ पिकोअँपियर. सॉकेट बसवलंय, फक्त ५५३४ एका डब्यात एकच असते आणि पिना वेगळ्या, त्यामुळे ५५३२ च्या जागी थेट बसत नाही, आणि तीनपेक्षा कमी गेनला २२ पिकोफॅरड लावावे लागतात. फोनोत वरच्या टोकाला गेन कमी होत जातो, तेव्हा हे कपॅसिटर सोडू नका.

मूव्हिंग कॉइलची, म्हणजे सुईसोबत कॉइलच हलते त्या काट्रिजची, गोष्ट वेगळी. १० ओहमचं काट्रिज, ०.३ मिलिव्होल्ट, त्याची स्वतःची नॉइज ०.४ नॅनोव्होल्ट. तिथे व्हॉल्व्हचे साडेपाच नॅनोव्होल्ट सरळ हरतात. एक तर १:१० चा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर पुढे लावा, मग व्हॉल्व्हला ३ मिलिव्होल्ट आणि १ किलोओहम दिसतं आणि तो पुन्हा आपल्या घरी येतो. नाहीतर ट्रान्झिस्टरचा हेड अँप, म्हणजे प्रीअँपच्या आधी लावायचा छोटा अँप.

सगळं जुळल्यावर एक एलपी लावली आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच्या कोऱ्या चरात सुई ठेवून मोजलं. −६१. नंतर नाट्यसंगीताची एक ७८ ची तबकडी लावली, लाखेची: −३४, आणि पडद्यावर दोन प्रीअँपमध्ये फरक शोधूनही सापडला नाही. ७८ ला आरआयएए लागू नाही, त्यासाठी वेगळं इक्वलायझेशन लागतं, ते सर्किट पुढच्या पट्टीवर बसवायचंय.